रशियाच्या ज्युनिअर विजेत्या सिनिअर गटात आल्यावर नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ पासून तुम्ही रशियन मुलींच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा बघताय. ज्युनिअर गटात सगळ्यांना मागे टाकणारी मुलगी सिनिअरमध्ये आली की वर्षभर चमकते आणि मग दिसेनाशी होते, असं तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसलं. रशियन प्रशिक्षक मुलींना पिळून काढतात म्हणून हे होतं का? आणि आता रशियन खेळाडू परतल्या आहेत, तर ज्युनिअरमधले गुण बघून २०२८ च्या लॉस एंजेलिसपर्यंत कोण टिकेल हे सांगता येईल का?

मी मुंबईत गेली अनेक वर्षं मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि राज्य पातळीवर पंच म्हणूनही बसते. त्यामुळे रशियन मुलींचे निकाल बघताना माझं लक्ष पदकाआधी गुणपत्रिकेकडे जातं. डिफिकल्टीचे, म्हणजे रुटीन किती अवघड याचे डीचे गुण किती, एक्झिक्युशनचे, म्हणजे ते किती नीट केलं याचे ईचे किती, गेल्या वर्षीच्या रुटीनमधून काय गेलं आणि काय आलं. तुम्ही "कोण टिकेल" असं विचारलंय. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीर बदलतं तेव्हा रुटीनमधलं काय काढायचं, हे कोण ठरवतं आणि किती लवकर ठरवतं? रशियाच्या ज्या मुली टिकल्या त्यांच्या गुणपत्रिकांत हा निर्णय स्वच्छ दिसतो.

आधी वयाचा नियम बघू, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. १९९७ पासून मुलींना सिनिअर गटात खेळायचं तर त्या कॅलेंडर वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी ही अट १५ ची होती आणि १९८१ च्या आधी १४ ची. हिशोब वर्षाचा आहे, वाढदिवसाचा नाही. आलिया मुस्ताफिनाचा जन्म ३० सप्टेंबर १९९४ चा आणि विक्टोरिया कोमोवाचा ३० जानेवारी १९९५ चा. दोघींत अंतर चार महिन्यांचं, पण मध्ये ३१ डिसेंबर आला. त्यामुळे २०१० मध्ये मुस्ताफिना रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत सिनिअर म्हणून उतरली आणि पहिल्याच वर्षी ऑलराउंड, म्हणजे व्हॉल्ट, बार, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांच्या एकत्र गुणांवर, विजेती झाली. कोमोवा त्याच वर्षी ज्युनिअर वयोगटात सिंगापूरची युवा ऑलिंपिक स्पर्धा जिंकत होती. रशियाच्याच विक्टोरिया लिस्तुनोवाचंही बघा. तिचा जन्म मे २००५ चा, आणि एप्रिल २०२१ मध्ये बाझलला ती सिनिअर युरोपियन ऑलराउंड विजेती झाली तेव्हा तिला १६ पूर्णही झाली नव्हती. म्हणून कुणी मला "अमकी सिनिअर झाली" असं सांगितलं की मी आधी जन्माचा महिना विचारते. डिसेंबरातली मुलगी आणि जानेवारीतली मुलगी एकाच मोसमात सिनिअर झाल्या तर त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि या वयात वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

मोठी का, ते शरीराकडे बघितलं की कळतं. सर्वसाधारण मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. जिम्नॅस्ट मुलींमध्ये हे बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं उशिरा येतं, म्हणजे नेमकं ज्युनिअर संपून सिनिअर सुरू होण्याच्या तोंडावर. समजा मुलगी १४० सेंटिमीटरची होती आणि १४७ ची झाली. वाढ फक्त ५ टक्के. पण शरीर सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात वाढलं असं धरलं, तर स्नायूंची ताकद साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि हवेत कोलांटी घेताना शरीराचा फिरण्याला होणारा विरोध २५ टक्क्यांहून जास्त वाढतो. ताकद आणि विरोध यांचं जुनं गणित मोडतं. कालपर्यंत सहज होणारा डबल ट्विस्ट, म्हणजे हवेत स्वतःभोवतीच्या दोन गिरक्या, आज पाऊण वळण कमी पडतो. मुलीला वाटतं आपण बिघडलो. पालक येऊन विचारतात, "मॅडम, हिची उडी मागे का गेली?" उडी कुठेही गेलेली नसते. रुटीन गेल्या वर्षीच्या मापाचं असतं, वाढत्या मुलीला शाळेचा जुना गणवेश घालावा तसं.

बारवर हे सगळ्यात आधी दिसतं. खालचा बार १७० सेंटिमीटरवर, वरचा २५० वर. दोन्हींमधलं अंतर थोडंफार बदलता येतं, पण मर्यादेतच. पाय लांब झाले की वरच्या बारवरून झोका घेताना खालच्या बारचं भान ठेवावं लागतं, आणि सोडून पुन्हा पकडण्याची वेळही बदलते. उंच मुलीला बार जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बेल्गोरोदची स्वेतलाना खोरकिना १६५ सेंटिमीटरची होती. तिने १९९६ आणि २००० अशी लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये बारवर सुवर्ण जिंकलं, आणि १९९७, २००१ आणि २००३ मध्ये ती ऑलराउंड जागतिक विजेती होती. तिच्यासाठी तिच्या उंचीला साजेसे घटक बांधले गेले, त्यातले कितीतरी नियमावलीत तिच्याच नावाने आहेत. शरीराला जुन्या रुटीनमध्ये कोंबण्याऐवजी शरीर बघून रुटीन रचलं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या हॉलमध्ये आम्ही मुलींची उंची दर महिन्याला भिंतीवर मोजतो. वेग वाढला की त्या मुलीचे ट्विस्टवाले डिसमाउंट, म्हणजे साधनावरून उतरण्याच्या उड्या, फोमने भरलेल्या पिटमध्ये जातात आणि कडक मॅटवरची लँडिंग कमी होतात. हँडस्टँड, बारवरचे साधे झोके, बीमवरच्या लीप आणि टर्न मात्र चालू राहतात, किंबहुना वाढतात. या काळात टाच, गुडघ्याच्या खालचा भाग आणि मनगट इथल्या वाढत्या हाडांची टोकं नाजूक असतात, आणि सतत मागे वाकण्याने कंबरेच्या मणक्यावर ताण येतो. तिथे एकदा इजा झाली की नुसता मोसम जात नाही, काही वेळा कारकीर्द जाते.

आता गुणांकडे वळते. प्रशिक्षक थांबत का नाहीत, याचं उत्तर मला इथे सापडतं. अमानार नावाचा व्हॉल्ट तुम्ही बघितला असेल. राउंड-ऑफ घेऊन उलट्या अंगाने टेबलावर जायचं आणि हवेत सरळ शरीराने अडीच ट्विस्ट मारून उतरायचं. रोमानियाच्या सिमोना अमानारचं नाव त्याला आहे. २००९ ते २०१२ च्या नियमावलीत त्याची डी ६.५ होती. अर्धा ट्विस्ट कमी केला, म्हणजे डबल ट्विस्ट मारला, की डी ५.८. अर्ध्या ट्विस्टला ०.७ गुण! पंचाच्या खुर्चीत बसून हिशोब करा. डबल ट्विस्ट सुरेख मारला, ई ९.४ मिळाली, तर एकूण १५.२. लंडन ऑलिंपिकच्या ऑलराउंड फायनलमध्ये कोमोवाचा अमानार बिघडला, उतरताना ती तोल जाऊन मॅटच्या बाहेर गेली, तरीही तिला १५.४६६ मिळाले. बिघडलेला अमानार नीटनेटक्या डबलपेक्षा महाग. त्या दिवशी अमेरिकेच्या गॅबी डग्लसच्या मागे ती ०.२५९ ने राहिली. त्याच्या आदल्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्याच जॉर्डिन वीबरच्या मागे राहिली ती ०.०३३ ने. फरक इतके बारीक असताना ०.७ सोडून द्यायला कोणता प्रशिक्षक तयार होईल?

त्याची किंमत मुस्ताफिनाने दिली. रॉटरडॅमनंतर सहा महिन्यांनी, एप्रिल २०११ मध्ये, बर्लिनच्या युरोपियन स्पर्धेत अमानारवरून उतरताना तिच्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं मुख्य अस्थिबंधन, फाटलं. वय साडेसोळा. या व्हॉल्टमध्ये शेवटचा अर्धा ट्विस्ट हवेत पुरा झाला नाही तर पाय मॅटवर रुततो, शरीर फिरतच राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. पुढे हा गुणांचा फरक २०१३ मध्ये ०.५ वर आणि २०१७ मध्ये ०.४ वर आला. एका साध्या आकड्याने किती मुलींचे गुडघे वाचले असतील याचा विचार मी करते तेव्हा मला तो बदल कुठल्याही नव्या मॅटपेक्षा मोलाचा वाटतो.

मुस्ताफिनाची पुढची गोष्ट प्रत्येक तरुण प्रशिक्षकाने अभ्यासावी. लंडनला ती अमानार घेऊन आलीच नाही. डबल ट्विस्टवर उतरली, ०.७ सोडले, आणि आपली खरी ताकद असलेल्या बारवर सगळा जोर लावला. १६.१३३ गुण, ऑलिंपिक सुवर्ण. शिवाय ऑलराउंडचं आणि फ्लोअरचं कांस्य, संघाचं रौप्य. २०१३ मध्ये अँटवर्पला बीमवर जागतिक विजेती. २०१६ मध्ये रिओला बारवर पुन्हा सुवर्ण, ऑलराउंडमध्ये पुन्हा कांस्य. पंधराव्या वर्षी सिनिअर झालेली मुलगी सहा वर्षांनंतरही ऑलिंपिक पदकं घेत होती, याचं मोठं श्रेय मी त्या सोडलेल्या अर्ध्या ट्विस्टला देते. पुढे रशियाच्या ज्युनिअर मुलींच्या संघाची जबाबदारी तिच्याकडे आली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

"पिळून काढतात" या तुमच्या शब्दांबद्दल. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. येलेना मुखिना १९७८ ची जागतिक विजेती होती. मोडलेला पाय पुरता सांधला नसताना तिला ऑलिंपिकच्या तयारीला जुंपलं गेलं, आणि जुलै १९८० मध्ये मिन्स्कच्या सराव शिबिरात फ्लोअरवर थॉमस साल्टो ही अतिशय धोक्याची कोलांटी करताना तिची मान मोडली. वय २०. २००६ मध्ये ती वारली तोवर तिला पुन्हा चालता आलं नाही. हे ज्याला माहीत आहे त्याने रशियन पद्धतीचं आंधळं कौतुक करू नये. पण आजच्या मुलींबाबत मला त्याहून जास्त काळजी वाटते ती रांगेची. मॉस्कोजवळच्या क्रुग्लोये सरोवरावरच्या राष्ट्रीय तळावर जागा थोड्या आणि देशभरच्या क्रीडाशाळांतून येणाऱ्या मुली पुष्कळ. आपली जागा घ्यायला मागे कोणीतरी उभी आहे हे कळलं की मुलगी दुखणं लपवते. त्यासाठी प्रशिक्षकाने ओरडायचीही गरज नसते. आमच्याकडे राज्य निवड चाचणीच्या महिन्यात टाच दुखत असूनही मुली हसत हॉलमध्ये येतात. मग जिथे पणाला ऑलिंपिक लागलेलं असतं, तिथलं दडपण तुम्हीच ताडा. म्हणून दोष एकट्या प्रशिक्षकावर टाकला तर अर्धं कारण हातातून निसटतं.

आता तुम्ही ज्यांना "दिसेनाशा" म्हणता त्यांच्याबद्दल. येलेना येरेमिना २०१७ मध्ये सिनिअर झाली आणि त्याच वर्षी माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत ऑलराउंडचं कांस्य आणि बारचं रौप्य घेऊन गेली. मग पाठ दुखावली, आणि तो दर्जा पुन्हा गाठता आला नाही. इथे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण तिच्याशेजारी अँजेलिना मेल्निकोव्हाला ठेवून बघा. व्होरोनेझची ही मुलगी २०१४ ची ज्युनिअर युरोपियन विजेती. २०१६ मध्ये सिनिअर झाली, रिओत संघाबरोबर रौप्य मिळालं, पण वैयक्तिक एकाही फायनलमध्ये ती नव्हती. त्या वेळी कुणीही म्हटलं असतं की ही पण गेली. २०१९ ला श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत तिला ऑलराउंडचं कांस्य मिळालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये संघाचं सुवर्ण, ऑलराउंडचं आणि फ्लोअरचं कांस्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये किताक्यूशूला ती ऑलराउंड जागतिक विजेती झाली, वयाच्या २१ व्या वर्षी. आणि २०२५ मध्ये जकार्तात, २५ व्या वर्षी, पुन्हा. ज्युनिअर विजेतेपदापासून पहिल्या जागतिक ऑलराउंड सुवर्णापर्यंत तिला सात वर्षं लागली. आपण बघणारे मात्र सिनिअरच्या पहिल्या दोन वर्षांत निकाल लावून मोकळे होतो.

काही मुली दिसेनाशा होतात त्यात त्यांचा काही दोष नसतो, नियमच तसा आहे. ऑलराउंड फायनलला एका देशाच्या दोनच मुली जातात. टोकियोत रशियाकडून मेल्निकोव्हा आणि व्लादिस्लावा उराझोव्हा गेल्या. उराझोव्हा चौथी आली. काही महिन्यांपूर्वी युरोपियन ऑलराउंड जिंकलेली लिस्तुनोवा त्या फायनलमध्ये नव्हतीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ती घसरली. खरं तर तिच्याच संघातल्या दोघी पुढे होत्या. आणि ती टोकियोला पोहोचली तीही स्पर्धा वर्षभर पुढे गेली म्हणून. ऑलिंपिक २०२० मध्येच झालं असतं तर २००५ साली जन्मलेली मुलगी वयात बसलीच नसती. २०१९ मध्ये हंगेरीतल्या ग्यॉर शहरात पहिली ज्युनिअर जागतिक स्पर्धा झाली. तिथे लिस्तुनोवा, उराझोव्हा आणि येलेना गेरासिमोव्हाने संघाचं सुवर्ण जिंकलं होतं. दोनच वर्षांत त्यातल्या दोघींच्या गळ्यात ऑलिंपिकचं संघ सुवर्ण होतं. टोकियोच्या त्या फायनलमध्ये प्रत्येक साधनावर तिघींनी खेळायचं आणि तिघींचेही गुण धरायचे, एकही वगळायचा नाही, पडलं की पूर्ण एक गुण जातो. रशियाच्या दोघी बीमवर पडल्या आणि तरी संघ १६९.५२८ वर पहिला आला. ज्युनिअरमधल्या सगळ्याच मुली विझतात असं नाही, हे तुमच्याच आवडत्या पिढीने दाखवलंय.

मार्च २०२२ नंतरची गोष्ट वेगळी. रशियन खेळाडूंवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. २०२४ पासून तटस्थ म्हणून, म्हणजे देशाचं नाव आणि झेंडा न लावता, खेळण्याची वाट उघडली, पण पॅरिस ऑलिंपिकच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये एकही रशियन नव्हती. २००६ ते २००८ दरम्यान जन्मलेल्या मुलींची सिनिअरची सुरुवातीची वर्षं अशी घरच्याच स्पर्धांत गेली. याचा परिणाम मुलीगणिक वेगळा असणार. एखादीला पहिल्याच वर्षी जागतिक स्पर्धेचं ओझं नव्हतं म्हणून शांतपणे वाढायला वेळ मिळाला असेल. दुसरीचं अनोळखी हॉल, अनोळखी साधनं आणि परके पंच यांच्यासमोर उभं राहण्याचं शिक्षण राहून गेलं. घरच्या स्पर्धेत ईचे गुण जरा सढळ हाताने पडतात, हे सगळ्याच देशांत होतं. म्हणून त्या काळातले रशियन आकडे मी दुसऱ्या देशांच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करत नाही. त्याच मुलीच्या आदल्या वर्षीच्या आकड्यांशी करते.

आणि हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चौदाव्या वर्षीच्या एकूण गुणांवरून मी काहीच भाकीत करणार नाही, कारण ते गुण ज्या शरीराने मिळवले ते शरीर दोन वर्षांत राहणार नाही. मी व्हॉल्टवरचं लँडिंग बघते: गुडघे आणि पावलं एका रेषेत आहेत का, शेवटचा ट्विस्ट जमिनीवर पुरा होतोय का. बारवरचे हँडस्टँड बघते, कारण उंची वाढल्यावरही ते उभे राहिले तर पाया पक्का आहे. दहा सेंटिमीटरच्या बीमवर चार-पाच स्पर्धांमध्ये ई किती खाली-वर होते तेही बघते. एखाद्या दिवशीचा चमकदार आकडा मला फारसा काही सांगत नाही. आणि सिनिअरच्या पहिल्या वर्षी डी थोडी उतरली पण ई चढली, तर मी मनातल्या मनात त्या प्रशिक्षकाला नमस्कार करते, कारण तिथे कुणीतरी घाई आवरली आहे. याउलट, मुलगी झपाट्याने वाढतेय आणि त्याच मोसमात व्हॉल्टची आणि फ्लोअरची डी दोन्ही चढतायत, असं दिसलं की मला धास्ती वाटते, मग पदक कोणतंही असो.

लॉस एंजेलिसला २०१२ साली जन्मलेल्या मुलीपर्यंत सगळ्या वयात बसतात. म्हणजे २०२६ मध्ये १४ वर्षांची असलेली ज्युनिअर मुलगीसुद्धा. रशियन खेळाडूंना तेव्हा कोणत्या अटींवर खेळता येईल यावर बरंच अवलंबून आहे, ते मुलींच्या हातात नाही. तुम्हाला खरंच अंदाज बांधायचा असेल तर आत्ताच्या ज्युनिअरमधल्या तीन-चार मुली निवडा आणि रशियन राष्ट्रीय स्पर्धा आणि रशियन कपमधली त्यांची डी आणि ई प्रत्येक साधनासाठी वेगळी लिहून ठेवा, शेजारी जन्माचा महिना लिहा. दोन मोसम झाले की ते आकडे इथे टाका. आपण एकेक मुलगी घेऊन बोलू.